हिरवळीचे ऊन

बुधवार, १४ मे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गॅलरीचे दार उघडले आणि नव्या कोऱ्या रेनकोटचा वास घरात आला. आभाळात ढग नव्हता. चौथ्या मजल्यावरून खाली पाहिले तेव्हा कारण समजले. वाहनतळाच्या कडेला जाड हिरव्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या, कापडाच्या दुकानात ताके रचतात तशा. पहाटे केव्हातरी ट्रक येऊन गेला असावा. आमच्या संकुलाच्या मधोमध जी हिरवळ आहे, तिच्यावर आज हे प्लास्टिक अंथरायचे ठरले होते. बिचारी हिरवळ बेसावध पहुडली होती, असे लिहिण्याचा मोह होतो. पण गवत बेसावधही नसते आणि सावधही नसते, आणि मी असली वाक्ये लिहीत नाही. जे काही माहीत होते ते मला माहीत होते, आणि मी संतापलो होतो.

ज्याने आयुष्यात एकदा तरी हिरवळ राखली आहे, गुडघे टेकून तिच्यातला लव्हाळा गाठींसकट उपटला आहे, त्याच्याशी मी बोलतो आहे. हिरवळ म्हणजे हिरवा रंग, असे ज्याला वाटते, त्याने हे वाचले नाही तरी चालेल.

त्या रेनकोटच्या वासाने मला दुसरा एक वास आठवला, आणि तो नेमका त्याच जमिनीवरचा होता. शेणाचा, खाजणाच्या काळ्या मातीचा आणि नुकत्याच चिरलेल्या हरळीचा. आज जिथे आमचे टॉवर उभे आहेत तिथे, कोलशेतच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर, पूर्वी एक कारखाना होता. तेथील पाण्याची प्रयोगशाळा मी सांभाळत असे. बागेला पाणी लागते, एवढ्या एका कारणावरून बागही माझ्याच विभागात टाकलेली होती. मला बागेतले काही कळत नव्हते. जे कळत होते ते माळ्याला. तो खाडीकाठच्या गावातलाच. काळा, सडपातळ, बोलायला तिखट. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरे-तुरे करीत असे. त्या काळी साहेबाने माळ्याला अहो-जाहो केले असते तर माळीच दचकला असता, अशी समजूत मी पुष्कळ वर्षे स्वतःची करून घेतली. आता ती पुरत नाही.

मुख्य कचेरीला कारखान्याच्या दर्शनी भागात हिरवळ हवी होती. त्यांनी कुठूनसे मऊ, बारीक पात्याचे, गालिचासारखे गवत पाठवले. ते महिन्याभरात करपले. मी पाण्याचे नमुने तपासले, मातीचे तपासले, अहवाल लिहिला. माळी माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "साहेब, कागद कशाला खराब करता? ती पाहुनी हाय. पाहुनीला खारं पानी मानवंल का?" दुसऱ्या दिवशी तो खारभूमीच्या बांधावरून पोतेभर हरळी उपटून घेऊन आला. भाताच्या शेतातले सर्वांत चिवट तण. पोते आपटून हसला. "माज्या बापानं उभा जन्म ही उपटन्यात घालवला. आता मी पगार घेऊन लावनार. वरून शिव्या देत असंल म्हातारा."

त्याने जमीन दीड हात खोल खणून एप्रिल-मेचे ऊन तिला पोटभर खाऊ दिले. लव्हाळ्याची एकेक गाठ वेचली. मग शेणखत घातले, गाळाची माती घातली, लाकडी फळीने ती सपाट केली. जूनमध्ये जमीन भिजल्यावर त्याने हरळीच्या पेरांचे कोयत्याने बोटभर तुकडे केले, शेण आणि मातीत कालवले आणि तो काला सगळ्या जमिनीवर हाताने सारवला. अंगण सारवतात तसा, मागे मागे सरकत. मी छत्री घेऊन पाहत उभा होतो. मला ते अडाणीपणाचे वाटले. पंधराव्या दिवशी त्या काळ्या सारवणातून सुया निघाल्या, आणि दिवाळीपर्यंत तिथे अशी हिरवळ झाली की पाय ठेवायला संकोच वाटावा.

तो मात्र संकोचत नसे. रोज सकाळी वहाणा काढून तो तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई आणि मागे वळून पाही. पाती लगेच उभी राहिली तर पाणी नाही. पावलाचा ठसा तसाच राहिला तर तहान लागली. तेवढ्याच जागी पाणी, आणि द्यायचे तर मुळाशी पोहोचेल इतके. मी त्याला आर्द्रता मोजायचे यंत्र आणून दाखवले. त्याने ते कौतुकाने हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "चांगलं हाय. पन साहेब, ह्याला पाय नायत." गवत कापताना तो कधीही पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापीत नसे. पौषात हिरवळ पिवळी पडली की मुख्य कचेरीतून विचारणा येई, की गवत मेले काय. तो म्हणे, "लिहा, झोपलंय." मी तसे लिहीत नसे, अधिकृत भाषेत काहीतरी लिही. पण माघ संपता संपता ती उठत असे, आणि दर वर्षी मला उगाचच जिंकल्यासारखे वाटे. त्यात माझे काही नव्हते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितलेली नाही.

हरळी म्हणजेच दूर्वा, हे तुम्हाला माहीत आहे. पण कापलेल्या हिरवळीत दूर्वा मिळत नाही. गणपतीला वाहायची दूर्वा कोवळी, तीन पात्यांची लागते, आणि यंत्र फिरले की तो तिपानी शेंडाच आधी जातो. म्हणून श्रावण लागला की माळी फाटकाजवळची एक पट्टी कापायची थांबवी. ती गुडघ्याला लागेल इतकी माजे. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या बायका आणि कारखान्यातले कामगार तिथे येत, वाकून एकवीस-एकवीस शेंडे खुडत, दोऱ्याने जुडी बांधत आणि जात. कोणी परवानगी मागत नसे. ही प्रथा कुठल्याही फायलीत नव्हती.

एका वर्षी चतुर्थीच्या तोंडावर मुख्य कचेरीचे पाहुणे येणार होते. मी पट्टी कापायला सांगितली.

"परवा चतुर्थी हाय, साहेब. दोन दिवस थांबा."

"पाहुणे उद्या येणार आहेत."

"मंग पाहुन्यांना सांगा, गनपती पन येनार हाय."

बाजूला दोन कामगार उभे होते. ते हसले. मला राग आला तो त्या हसण्याचा. मी म्हणालो, तुला जमत नसेल तर दुसरा कापील. त्याने यंत्र पुढे ओढले. "दुसऱ्याला कशाला? माझं काम हाय." त्याने पट्टी कापली. सरळ, नेटकी, रेषेत. रागाने कापलेली ती वाटत नव्हती. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. पाहुणे मोटारीतून उतरले, छत्रीखालून आत गेले, छत्रीखालून परत आले. हिरवळीकडे एकाचीही मान वळली नाही. संध्याकाळी बायका आल्या, कापलेल्या पट्टीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हातांनी परत गेल्या. मी खिडकीतून पाहिले. निघताना तो दारात आला. "गवत पंधरा दिवसांत वाढंल, साहेब. मानसं आज आली होती."

पुढच्या वर्षीपासून पट्टी कधी कापू दिली नाही. पण चुकलो, एवढा एक शब्द म्हणायचा होता, तो म्हटला नाही. पुढे मी निवृत्त झालो, मग कारखाना बंद पडला, मग माळीही वारला.

कारखान्याच्या जागी संकुल होणार असे समजले तेव्हा मी नौपाड्यात राहत होतो. बांधकाम करणाऱ्यांच्या माहितीपत्रकात एक छायाचित्र होते: मधोमध विस्तीर्ण हिरवळ, भोवती टॉवरांची चित्रे. मी तिला ओळखले. सगळे पाडले होते. हिरवळ तेवढी ठेवली होती, कारण छायाचित्रात ती चांगली दिसत होती. मी तिथे घर घ्यायचे ठरवले. पत्नी म्हणाली, "गवत बघायला कोणी नौपाडा सोडतं का? इथे खाली उतरलं की डॉक्टर, वाणी, भाजी. तिथे काय, रिक्षाची वाट बघायची?" मी ऐकले नाही. हिरवळीकडे तोंड असलेले घर हवे, एवढाच माझा आग्रह होता. विक्री कचेरीतल्या मुलीने नकाशावर बोट ठेवले, मी होकार दिला. आयुष्यभर मोजमापे केलेल्या माणसाने त्या नकाशावर पश्चिम कुठे आहे हे विचारले नाही. पत्नी त्या घरात दीड वर्ष राहिली. शेवटपर्यंत नौपाड्याच्या भाजीवाल्याची आठवण काढीत होती. तिचे म्हणणे बरोबर होते.

राहायला आलो त्या वर्षी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन परतत होतो. फाटकावर सुरक्षारक्षक एका म्हाताऱ्या बाईला अडवीत होता.

"कोणाकडे जायचंय, मावशी?"

"गवताकडं."

"फ्लॅट नंबर सांगा."

"गवताला कसला आलाय नंबर? मेल्या, तुजा जन्म झाला नव्हता तवापास्नं येते मी." तेवढ्यात तिने मला पाहिले. "ह्ये बघ, ह्ये पानीवाले सायेब. इचार यांना, मी कोन हाय ती."

ती माळ्याची बायको होती. मी तिला आत घेऊन गेलो. कोपऱ्यात, जुन्या फाटकाच्या जागी, यंत्र नीट पोहोचत नसे म्हणून थोडी हरळी माजलेली होती. तिथे तिने एकवीस शेंडे खुडले. खुडता खुडता, मान वर न करता, म्हणाली, "त्या साली तुम्ही कापाया लावलीत ना, तवा ह्यांनी बाजारच्या दूर्वा आनू दिल्या नायत. तशीच पूजा केली. बोलले, आपल्या शेतातली नाय तर कुनाचीच नको."

"आपल्या शेतातली?"

"मंग कुनाच्या?" तिने जमिनीकडे बोट दाखवले. "आमच्या सासऱ्याचं भात व्हायचं हितं. कारखान्यानं घेतली जागा, तवा एकाला नोकरी दिली. ह्यांना."

मी दुधाची पिशवी हातात धरून उभा होतो. ज्या बांधावरची हरळी बापाने जन्मभर उपटली तो बांध इथला होता. स्वतःच्या बापाच्या शेतावर तो वीस वर्षे माझ्या हुकमाने गवत कापीत होता, आणि आपल्याच शेतातली चार पाती देवासाठी राखायला त्याने माझ्याकडे दोन दिवस मागितले होते. त्याने हे मला कधी सांगितले नाही. मी कधी विचारले नाही.

तेव्हापासून दर भाद्रपदात मी त्या वेळी खाली उतरतो. तिचे गुडघे वाकेनासे झाल्यापासून शेंडे मी खुडतो, ती पायरीवर बसून मोजते. माझे मोजणे तिला मान्य नसते. मी जन्मभर एक मिलीग्रॅमचा फरक टिपला आहे, ती म्हणते, "सायेब, ह्यात दोन पानांची हाय एक. काढा." आणि ती खरोखरच असते. गेल्या वर्षी तिने जुडी उजेडात धरली आणि तोंड वाकडे केले. "काडी लांब, पान बारीक. रंग बी उतरलाय. सायेब, तुमची बिल्डिंग ऊन खाते."

मी वर पाहिले. एवढी वर्षे मी गॅलरीतून खाली पाहत होतो. खालून वर कधी पाहिले नव्हते. सकाळचे ऊन पूर्वेचा टॉवर अडवतो. दुपार कलली की आमचा. हरळीला सहा-सात तास लख्ख ऊन लागते. बाकी सगळे ती सोसते: खारे पाणी, उपास, पायांची रहदारी, कोयता. सावली सोसत नाही. सावलीत ती उजेडाच्या शोधात लांबत जाते, विरळ होते, आणि मग खालची माती दिसू लागते. पाहायला सोपे जावे म्हणून हौसेने घेतलेले माझे घर तिच्या आणि उन्हाच्या मधोमध उभे होते.

इतरांना मात्र कारण आधीच सापडले होते. माळी काम करीत नाही. तीन वर्षांत तीन माळी बदलले. प्रत्येकाने दुप्पट पाणी घातले, कारण प्रत्येकाला दुप्पट पाणी घालायला सांगितले गेले. सावलीतल्या गवताला दुप्पट पाणी घातले की शेवाळ होते. शेवाळावरून कोणाचे तरी मूल घसरले. मग सभा बोलावली.

समितीचा अध्यक्ष चाळिशीचा, सभ्य, हसतमुख गृहस्थ आहे. त्याने भिंतीवर चित्रे दाखवली. "मेंटेनन्स झीरो. पाणी नको, माळी नको, कटिंग नको. बारा महिने ग्रीन."

मी उभा राहिलो. म्हणालो, बारा महिने हिरवे राहते ते गवत नसते.

"एक्झॅक्टली, काका! म्हणूनच तर आणतोय."

लोक हसले. मागून एक बाई म्हणाल्या, "आणि मुलांचे कपडे मळत नाहीत हो. हे केवढं मोठं काम वाचतं."

मी विचारले, उन्हात ते किती तापेल?

"काका, ऊन येतंच कुठे तिथे?"

पुन्हा हशा. त्या संकुलात इतक्या वर्षांत हिरवळीविषयी बोलले गेलेले ते एकमेव खरे वाक्य होते, आणि ते विनोद म्हणून बोलले गेले. मला सर्वांत जास्त चीड आली ती याची. त्याला कारण माहीत होते. सगळ्यांना माहीत होते. तरी तीन माळी काढले. मी म्हणालो, सावलीत वाढणाऱ्या दुसऱ्या गवताच्या जाती असतात, निदान अर्ध्या भागात त्या लावून पाहा. अध्यक्ष मायेने म्हणाला, "काका, तुम्ही थोडे इमोशनल होताय."

"मी इमोशनल नाही. मी केमिस्ट आहे."

मतदान झाले. विरुद्ध मी एकटा. शेवटी मी एवढेच मागितले, की कोपऱ्यातली जुन्या फाटकाजवळची पट्टी तशीच राहू द्या. दोन टॉवरांच्या फटीतून तिथे अजून थोडे ऊन येते. अध्यक्षाने सर्वांसमोर माझा हात हातात घेतला. "तुमच्यासाठी एवढं नक्की करू, काका."

म्हणून आज सकाळी मी चहा न घेता खाली उतरलो. पट्टी राखली जाते आहे ना, ते समक्ष पाहायचे होते. वहाणा काढल्या आणि हिरवळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मागे वळून पाहिले. ठसे तसेच होते. पुष्कळ ठिकाणी ठसा उमटावा इतके गवतही नव्हते. कोपऱ्यात पोहोचलो तर एक मनुष्य पाठीवर फवारणीचा पंप अडकवून त्याचा दांडा हलवून पाहत होता. पंचेचाळिशीचा असेल. कंत्राटदाराचा मुकादम.

"काका, बाजूला व्हा. औषध मारायचंय."

"कशासाठी?"

"गवत मरायला. नाहीतर खालून वर येतं ना. हरळी लय हरामी, प्लास्टिक फोडून येते."

मी त्याला सांगितले की ही पट्टी सोडायची आहे. त्याने खिशातून घडी केलेला नकाशा काढून माझ्यासमोर धरला. नकाशावर पट्टी नव्हती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच हिरवा चौकोन. "मला जे दिलंय ते मी करतो, काका. घोडबंदरचा जाम लागायच्या आत पोचायचं म्हणून कल्याणवरून अंधारात निघालोय. माझ्यावर कशाला चिडता?" त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याने अध्यक्षाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"अरे हो, काका! तो कोपरा सोडला तर सगळा लूक जातो, असं डिझाइनर म्हणाला. मी तुम्हाला सांगणारच होतो, पण राहूनच गेलं."

त्याला सुनवायला माझ्या तोंडात वाक्ये तयार होती. चांगली, धारदार, व्याकरणशुद्ध वाक्ये. पण राहूनच गेले, हे शब्द कानात शिरले आणि ती वाक्ये निघेनात. माझेही राहूनच गेले होते. चाळीस वर्षे. मी फोन परत केला.

मुकादम माझ्याकडे पाहत होता. "काका, काय आहे एवढं त्या कोपऱ्यात?"

"दूर्वा आहेत. एका बाईंना द्यायच्या असतात."

त्याने पंप पाठीवरून उतरवून खाली ठेवला. "साडेसातपर्यंत थांबतो. पहिला पंप तिकडच्या बाजूला मारतो. पण साडेसातला मला इथे यावंच लागेल."

मी वर जाऊन खुरपे आणि दोन बादल्या घेऊन आलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हिरवळीचे चौकोन काढणे हे शहाण्याचे काम नव्हे. हरळीची मुळे मे महिन्याच्या मातीत रोवलेल्या खिळ्यांसारखी असतात. खुरपे घसरत होते. दोन चौकोन निघाले, दोन्ही फाटके. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या हातातले खुरपे काढून घेतले. मुकादम कुदळ घेऊन आला होता. "काका, असं पापड लाटल्यासारखं नाही. चार बोटं खालून घ्या, माती सोडू नका. आमची शेती आहे मुरबाडला. जन्मभर ही उपटलीय आम्ही." त्याने सहा चौकोन काढून बादल्यांत ठेवले, मातीसकट, उलटे न करता. मी आभार मानले. त्याने मानेनेच नको म्हटले आणि पंप पाठीवर घेतला. साडेसाताला तो त्या कोपऱ्यात आला. दिलेला शब्द पाळणारा त्या संकुलात मला आज भेटलेला तो एकटा, आणि तो तिथला रहिवासी नव्हता.

लिफ्टमध्ये माती सांडली. नऊ वाजता रहिवाशांच्या व्हॉट्सॲप समूहावर त्या मातीचे छायाचित्र आले. खाली प्रश्न: हे कोणी केलं? मी उत्तर लिहिले: मी. पुढे कोणी काही विचारले नाही.

आमच्या घराला दोन गॅलऱ्या आहेत. पुढची हिरवळीवर. मागची खाडीच्या बाजूला, पश्चिमेला. तिथे कपडे वाळतात. पत्नीचा कपडे भिजवायचा मोठा टब मागे पडून होता. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून त्याच्या बुडाला भोके पाडली. घरभर पुन्हा सकाळचाच वास झाला, या वेळी माझ्या हातून. खापरे फोडून तळाशी घातली, त्यावर बादल्यांत आलेली माती, त्यावर सहा चौकोन एकमेकांना भिडवून ठेवले. फटींत माती भरली. पाट ठेवून त्यावर हाताने भार दिला, म्हणजे मुळे मातीला लागतात. मग पाणी, खालच्या भोकांतून निथळेपर्यंत. तो असता तर म्हणाला असता, झोपू द्या आता.

दुपारी एकच्या सुमारास मागच्या गॅलरीत ऊन आले. मी खुर्ची घेऊन बसलो. पुढे, खाली, त्याच वेळी सावली पडत असेल हे मला ठाऊक होते. हिरवळीच्या वाट्याचे सगळे ऊन इतकी वर्षे या गॅलरीत येऊन पडत होते, आणि मी त्यावर बनियन वाळवीत होतो.

मी फार काही वाचवले आहे असा माझा समज नाही. हरळी वाचवावी लागत नाही. कोलशेतच्या रस्त्याकडेला, गटाराच्या काँक्रीटला जिथे तडा गेला आहे तिथे ती आहे. प्लास्टिकही तिला फार काळ थोपवील असे मुकादमालाही वाटत नव्हते. गेली ती हिरवळ. हिरवळ कोणी रोज येऊन चालले, वळून पाहिले, तहान ओळखली तर होते. नाहीतर ते नुसते गवत असते. ते येणे बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली. आम्ही फक्त आज त्यावर झाकण घातले. या दीड हाताच्या टबाला मी हिरवळ म्हणणार नाही. पण श्रावणापासून याला कात्री लागणार नाही, आणि भाद्रपदापर्यंत यातून एकवीस शेंडे निघतील. तीन पानांचे. मोजणारी बाई मोजून घेईल. तेव्हा तिला जे सांगायचे आहे ते मी सांगेन. तिच्या नवऱ्याला सांगायचे होते, ते तिला.

चार वाजता खाली गेलो. प्लास्टिक अंथरून झाले होते. मुले त्यावर उड्या मारीत होती आणि त्यांचे कपडे मळत नव्हते. मी वहाणा काढून चार पावले चाललो आणि मागे वळून पाहिले. ठसा एकही नव्हता. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे गेलो. तो नवा आहे. त्याला सांगितले, भाद्रपदात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक म्हाताऱ्या बाई येतील. कोणाकडे जायचे आहे असे विचारलेस, तर गवताकडे म्हणतील.

"गवताकडे?" तो हसला. "वहीत काय लिहू, आजोबा? फ्लॅट नंबर लागतो."

"चारशे तीन."

वर आलो. पावणेसहा वाजले होते. ऊन अजून होते, पण टबाच्या मधोमध एक आडवी सावली पडली होती. कपडे वाळत घालायच्या दांडीची. तिच्यावरचे बनियन काढून घडी केले, स्टूल आणले, दोन्ही बाजूंचे स्क्रू काढले आणि दांडी खाली उतरवून ठेवली.